पुसलेली जहाजं

माझा धाकटा भाऊ गेला, तेव्हा बेळगावच्या आमच्या घरात महिनाभर माणसांची रीघ होती. सगळी मायेचीच. पण मला घटकाभरही एकटीनं रडता आलं नाही. पुढं पुष्कळ दिवसांनी एका पुस्तकात एक जर्मन चित्र पाहिलं आणि वाटलं, मला हवी होती ती जागा हीच.

‘समुद्राकाठचा भिक्षू’ हे ते चित्र. कास्पार डेव्हिड फ्रीडरिखनं ते १८०८ ते १८१० या काळात रंगवलं. खाली फिक्या वाळूची पट्टी, मग काळसर समुद्र आणि वर सगळं आभाळच आभाळ. काठावर इवलासा, पाठमोरा ख्रिस्ती साधू. ना झाड, ना होडी. वादळ येतंय की ओसरतंय, तेही कळत नाही. नजर टेकायला जागाच नाही, म्हणून बघणाऱ्याच्या जीवात कालवाकालव होते.

फ्रीडरिखची आई १७८१ मध्ये वारली, तेव्हा तो जेमतेम सहा वर्षांचा होता. १७८७ मध्ये बर्फ फुटून भाऊ बुडाला; कास्पारलाच वाचवताना बुडाला, असं सांगतात.

हे चित्र १८१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात लागलं. नेपोलियनकडून झालेल्या पराभवानं प्रशिया खचलेला होता. त्याच जुलैत राणी लुइझे वारली होती. तिच्या किशोरवयीन मुलानं, युवराजानं, हट्ट धरला आणि राजानं हे चित्र विकत घेतलं. आई गेलेल्या पोराला या रिकाम्या आभाळात काय दिसलं असेल, ते कुणा बाईला सांगायला नको.

पुढं अवरक्त किरणांनी चित्र तपासलं, तेव्हा रंगाखाली शिडाची जहाजं सापडली. फ्रीडरिखनं आधी ती काढली होती, मग पुसली. म्हणजे ही रिकामी जागा आयती नव्हती. एकेक आधार सोडत त्यानं ती केली होती.

बारा भावनांतली एकत्व भावना आपण लहानपणापासून म्हणतो: जीव एकटा येतो, एकटा जातो. मी ती भीत भीतच म्हणायची. फ्रीडरिखचा धर्म वेगळा, त्याचा साधूही वेगळा. पण एकटं उभं राहणं म्हणजे टाकून दिलं जाणं नव्हे, हे मला त्याच्या चित्रानं समजावलं.

आता मी कुणाच्या दुःखात भेटायला गेले, की थोडं बसते आणि लवकर उठते. त्या घरातल्या बाईला घटकाभर एकटं राहता यावं म्हणून.