आपला माणूस, परके न्यायासन

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा मुलगा, भाऊ किंवा जावई दुबई-अबूधाबीकडे नोकरीला आहे. परमुलखात एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप आला आणि तो मायदेशी परतला, तर तिकडच्या मागणीवरून त्याचे स्वतःचे सरकार त्याला परत धाडील काय? हा प्रश्न केवळ कायद्याच्या विद्यार्थ्यांचा नाही. त्याला मोठा इतिहास आहे.

पळालेली माणसे परत करण्याचे करार फार प्राचीन. इजिप्तचा दुसरा रामसेस आणि हित्ती राजा तिसरा हत्तुसिली यांच्यात इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात झालेल्या तहात असे कलम आहे. परत आलेल्याचे डोळे, कान, पाय यांना इजा करू नये, त्याच्या बायकामुलांचा नाश करू नये, असेही त्यात बजावले आहे. (ही दयाबुद्धी पुढील कित्येक तहांत शोधूनही सापडत नाही!) पण तेथे माणूस आपल्याच राजाकडे परत जात होता. स्वतःची प्रजा परक्याच्या हाती देण्याचा पेच खरा वाढला तो एकोणिसाव्या शतकात, आगगाडी व आगबोटीने सरहद्दी जवळ आणल्यावर.

त्या वेळी युरोपात दोन मते होती. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड ही राष्ट्रे म्हणत, आमचा नागरिक आम्ही देणार नाही. परंतु त्याने परदेशात केलेल्या गुन्ह्याचा खटला ती स्वतःच्या न्यायालयात चालवू शकत. इंग्लंडची रीत निराळी. गुन्हा जेथे घडला तेथेच साक्षीदार, तेथेच पुरावा, म्हणून न्यायही तेथेच व्हावा, असे इंग्रज मानीत. खुनासारखे मोजके अपवाद सोडले तर परदेशातील गुन्हा चालवण्याचा अधिकारच इंग्रजी न्यायालयाला नव्हता.

ही दोन मते एकाच तहात कोंबली की काय घडते, ते १८७७ साली दिसले. विल्सन नावाच्या इंग्रजावर झुरिच येथे चोरी व अपहाराचा आरोप होता आणि तो इंग्लंडात सापडला. स्वित्झर्लंडशी झालेल्या तहात मात्र कोणीही आपला प्रजाजन देऊ नये, असे कलम होते. न्यायालयाला त्याला सोडून देणे भाग पडले. स्विस न्यायालयाच्या हाती तो लागला नाही आणि इंग्लंडात त्याच्यावर खटला चालू शकत नव्हता. ज्याचे पैसे गेले त्याने दाद कोठे मागावी? पुढच्याच वर्षी राजनियुक्त आयोगाने ही सवलत काढून टाकावी असे सुचवले. १८८० च्या नव्या तहात इंग्लंडने आपलेही लोक देण्याचे मान्य केले; स्विसांनी आपले नागरिक न देता स्वतः त्यांच्यावर खटला चालवण्याचे पत्करले. वरवर पाहता हा सौदा एकतर्फी वाटतो, पण माझ्या मते तोच शहाणपणाचा होता. कारण आता गुन्हेगाराला दोन्हीकडून निसटण्याची वाट उरली नाही.

दुसरे प्रकरण अमेरिकेचे. १९१० च्या जून महिन्यात इटलीतील कोमो सरोवरात एका पेटीत एका अमेरिकन स्त्रीचे प्रेत मिळाले. तिचा तरुण पती पोर्टर चार्ल्टन अमेरिकेत बोटीतून उतरताच पकडला गेला. इटलीने त्याची मागणी केली. वकिलांचा बिनतोड वाटणारा युक्तिवाद असा, की इटली स्वतःचे नागरिक अमेरिकेला देत नाही, मग अमेरिकेने आपला का द्यावा? प्रकरण तीन वर्षे चालले. १९१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : १८६८ च्या तहात ‘व्यक्ती’ असा शब्द आहे आणि नागरिक ही व्यक्तीच होय. इटली तह पाळत नसेल, तर तो मोडायचा की नाही हे अमेरिकन सरकारने ठरवावे. सरकारने तो मोडलेला नाही, तोवर तो बंधनकारक आहे. चार्ल्टन इटलीला गेला आणि १९१५ साली तेथे दोषी ठरला.

आता आपल्याकडे पाहू. भारताचा प्रत्यार्पण कायदा १९६२ चा. प्रत्येक देशाशी करार मात्र वेगळा. अमेरिकेशी १९९७ साली झालेल्या करारानुसार केवळ नागरिकत्वाच्या कारणावरून नकार देता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीशी १९९९ साली झालेल्या करारात मात्र उभयतांनी आपले नागरिक न देण्याचे ठरवले आहे. हे वाचून कोणी निर्धास्त होऊ नये. त्याच कलमात पुढे अट आहे, की ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असेल, तर न देणाऱ्या देशाने ते प्रकरण आपल्या यंत्रणेकडे खटल्यासाठी सोपवावे. भारतीय नागरिकाने परदेशात केलेला गुन्हा येथे चालवण्याची तरतूद भारतीय दंड संहितेच्या चौथ्या कलमात होती आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती कायम आहे. शिवाय १९९३ साली प्रत्यार्पण कायद्यात ३४-अ हे कलम घातले गेले. त्यानुसार ज्याला परत देता येत नाही, त्याच्यावर केंद्र सरकार भारतातच खटला चालवू शकते. तेव्हा शारजातील अफरातफरीचा हिशेब रत्नागिरीत परतल्याने संपत नाही. आणि आरोप खोटा असेल, तर तो खोटा ठरवून घेण्यासाठी आपल्या देशातले न्यायालय, आपला वकील आणि आपली भाषा त्याला मिळू शकते.