दोन जाहीर व्याख्यानें

विद्वानाचें जाहीर व्याख्यान ऐकावयास जाणारा मनुष्य बहुधा दोन अपेक्षा मनांत धरून जातो: चालू प्रश्नावर वक्त्यानें स्पष्ट निकाल द्यावा, आणि तो निकाल शक्य तों आपल्याच मताचा असावा. वसंत व्याख्यानमालेच्या संस्कारांत वाढलेल्या आमच्या सुशिक्षित कुटुंबांना ही अपेक्षा अपरिचित नाहीं. परंतु विद्येच्या व्यासपीठाचें काम केवळ निकाल देणें हें आहे काय? ज्यांच्यामध्यें बरोबर वीस वर्षें आणि एक दिवस एवढें अंतर आहे, अशा दोन व्याख्यानांच्या आधारें आम्ही या प्रश्नाचा विचार करूं इच्छितों.

पहिलें व्याख्यान २८ जानेवारी १९१९ रोजीं म्युनिक येथें झालें. महायुद्धांत जर्मनीचा पराभव होऊन थोडेच महिने लोटले होते. कैसरनें सिंहासन सोडलें होतें, बव्हेरियांत कुर्ट आयस्नर यांचें क्रांतिकारी सरकार होतें, आणि बर्लिनमध्यें रोझा लुक्सेंबुर्ग व कार्ल लीब्कनेख्ट यांचा वध होऊन पुरे दोन आठवडेहि झाले नव्हते. अशा वेळीं विद्यार्थ्यांच्या एका संघटनेनें समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांस राजकारणावर बोलण्यास पाचारण केलें. तरुणांना मार्गदर्शक हवा होता. वेबर यांनीं मात्र आरंभींच आपल्या भाषणानें श्रोत्यांची निराशा होईल अशी कल्पना दिली. राज्यसंस्था म्हणजे काय, पक्षांचें यंत्र कसें चालतें, नोकरशहा आणि पुढारी यांच्या जबाबदाऱ्यांत भेद कोणता, हें त्यांनीं शांतपणें उलगडून दाखविलें. शेवटीं त्यांनीं नीतीचे दोन मार्ग मांडले. एक आपल्या हेतूची शुद्धता जपणारा. दुसरा आपल्या कृतीच्या परिणामांचा भार शिरावर घेणारा. राजकारणास योग्य अशा मनुष्यांत या दोहोंचा संगम हवा, असें त्यांचें प्रतिपादन होतें. पुढें एका महिन्याच्या आंतच, २१ फेब्रुवारी रोजीं, आयस्नर यांचा खून झाला. क्रांतीचा आवेश व्याख्यानानें ओसरला नाहीं.

दुसरें व्याख्यान २९ जानेवारी १९३९ रोजीं पुण्यास झालें. रावबहादूर काळे यांच्या देणगींतून १९३० सालीं स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेनें काळे यांच्या स्मरणार्थ योजिलेल्या व्याख्यानासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस निमंत्रिलें होतें. १९३५ च्या कायद्यानें योजिलेलें संघराज्य कीं स्वातंत्र्य, हा विषय होता. कोलंबिया आणि लंडन येथें अर्थशास्त्राचा अभ्यास केलेल्या या वक्त्यानें कायदाच श्रोत्यांसमोर उघडून ठेविला. संघाच्या कनिष्ठ सभागृहांत ३७५ पैकीं १२५ जागा संस्थानांच्या. त्या भरावयाच्या संस्थानिकांनीं, प्रजेनें नव्हे. संरक्षण व परराष्ट्रव्यवहार हीं खातीं गव्हर्नर जनरलच्या हातीं. मग लोकनियुक्त सत्ता उरली कोठें?

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. चालू प्रश्नावर वेबर यांनीं निकाल देण्याचें टाळलें. आंबेडकरांनीं तो दिला, आणि तो त्या संघराज्याच्या विरुद्ध होता. परंतु त्यांनीं निकालाबरोबर हिशेबहि दिला. ज्यास तो निकाल मान्य नव्हता, त्यासहि तोच हिशेब घेऊन वाद घालतां येत होता. वेबर यांनीं तरुणांच्या हातीं जें दिलें तेंहि असेंच एक माप होतें.

सप्टेंबर १९३९ मध्यें दुसरें महायुद्ध सुरू झालें आणि संघराज्याची योजना बाजूस पडली. व्याख्यानाचा तात्कालिक विषयच नाहींसा झाला. तथापि संस्थानी प्रजेच्या वतीनें बोलावयाचें कोणीं, हा प्रश्न नाहींसा झाला नाहीं. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें प्रौढ मताधिकार देऊन त्याचें उत्तर दिलें. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष पुण्याचे तेच वक्ते होते. हा त्या व्याख्यानाचा परिणाम, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या कसोटीनें एक योजना नाकारली, तीच दुसरीच्या उभारणींत उपयोगी पडली, एवढेंच आमचें म्हणणें.

आजहि विद्यापीठांतून जगाच्या राजकारणावर व अर्थकारणावर व्याख्यानें होतात. सभागृहांतून घरीं परततांना वडील मुलास सहज विचारतात, "पटलें का?" त्याऐवजीं "वक्त्यानें आपणांस कोणतें माप दिलें?" असें विचारण्याची संवय लागली, तर त्या संध्याकाळचें सार्थक झालें असें आम्हांस वाटेल.