उसन्या कॅमेऱ्यातील तारे

आकाशाची छायाचित्रे काढणे हा श्रीमंतांचा छंद, असा समज आज दृढ आहे. दुकानांतील किमती पाहिल्या की तो अधिकच पक्का होतो. परंतु खगोलशास्त्राला नवी दिशा देणारी काही छायाचित्रे जवळच्या वस्तीतील एका छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यातून घेतली गेली होती. ही त्यांची कथा.

वर्ष १८८२, स्थळ दक्षिण आफ्रिकेतील केप वेधशाळा. सप्टेंबरात एक धूमकेतू इतका तेजस्वी झाला की भरदिवसा सूर्याशेजारी दिसू लागला. १७ तारखेला केपच्या फिनले आणि एल्किन या वेधकर्त्यांनी तो थेट सूर्यबिंबाच्या कडेपर्यंत जाताना पाहिला.

पुढे आसपासच्या काही छायाचित्रकारांनी साध्या कॅमेऱ्याने त्याची छबी टिपली. वेधशाळेचे प्रमुख होते डेव्हिड गिल, अ‍ॅबर्डीनच्या घड्याळजीचे चिरंजीव. काही वर्षे त्यांनी स्वतःच तो व्यवसाय सांभाळलेला. या छायाचित्रांत खरी अडचण भिंगाची नव्हती, गतीची होती. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. कॅमेरा स्थिर ठेवला की थोड्याच वेळात ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते.

गिल यांनी मोब्रे येथील अ‍ॅलिस या छायाचित्रकाराचे साहाय्य घेतले. त्याचे भिंग माणसांच्या तसबिरी काढण्याचे, व्यास जेमतेम अडीच इंच. तो कॅमेरा वेधशाळेच्या दुर्बिणीला जोडण्यात आला. या दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर, त्यामुळे आकाशासोबत तिला एकाच आसाभोवती फिरवता येई. गिल दुर्बिणीतून धूमकेतूचे शीर्ष पाहत, ते किंचित सरकले की दुरुस्ती करत. शेजारी कॅमेऱ्याची काच प्रकाश साठवत राही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अशी सहा छायाचित्रे निघाली. सर्वांत दीर्घ प्रकाशन २ तास २० मिनिटांचे होते.

दहा वर्षे आधी हे जवळजवळ अशक्य होते. तेव्हाच्या ओल्या रसायनाच्या काचा काही मिनिटांतच वाळून निकामी होत. जिलेटिनच्या कोरड्या काचा नुकत्याच बाजारात आल्या होत्या आणि त्या तासन्‌तास उघड्या ठेवता येत.

धूमकेतू तर उमटलाच, पण त्याच्या पाठीमागे असंख्य तारेही उमटले. नकाशे करण्यासाठी डोळ्याने एकेक तारा मोजण्याची गरज उरली नव्हती! गिल यांनी दक्षिण आकाशाचे पद्धतशीर चित्रण आरंभले. रॉयल सोसायटीचे अनुदान मध्येच थांबले, तेव्हा खर्च स्वतःच्या खिशातून केला. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे काप्टाइन यांनी वर्षानुवर्षे त्या काचांची मोजमापे घेतली आणि ४,५४,८७५ ताऱ्यांची सूची सिद्ध झाली. ग्रंथांत ही छायाचित्रे गिल यांच्या नावे नोंदली जातात. अ‍ॅलिस तळटीपेत उरतो, हे मला न्याय्य वाटत नाही.

१८८७ मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि संपूर्ण आकाशाचे पट्टे जगभरच्या वेधशाळांनी वाटून घ्यायचे ठरले. एक पट्टा पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता.

साध्या भिंगाला फिरत्या आकाशामागे कसे न्यावे, हा प्रश्न मात्र हौशी मंडळींपुढे कायम राहिला. १९७५ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज हेग यांनी ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात त्याचे स्वस्त उत्तर मांडले: दोन फळ्या, एक बिजागरी, एक स्क्रू. बिजागरीचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखायचा आणि स्क्रू फिरवत वरची फळी उघडत न्यायची. स्क्रूच्या आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर असेल आणि तो मिनिटाला एक फेरा घेत असेल, तर बिजागरीपासून तो सुमारे २२.८५ सेंटिमीटरवर हवा. सरळ स्क्रूमुळे वेळ वाढेल तशी चूक वाढत जाते. म्हणून लहान भिंग आणि काही मिनिटे, एवढीच त्याची मर्यादा. बिजागरीचा आस क्षितिजापासून स्थानिक अक्षांशाइतका उचलावा लागतो: पुण्यात साधारण साडेअठरा अंश, नागपुरात एकवीस.