ओसरलेला बहर

बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे ज्या हैदराबाद राज्यात होते, ते राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजी संपुष्टात आले. बिदरचे उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे आले. बिदर, भालकी व गुलबर्गा म्हैसूरकडे गेले. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, भारतीय फुटबॉल संघ मेलबर्नच्या ऑलिंपिक मैदानावर उतरला. त्याचे मार्गदर्शक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने ते शिक्षक. हैदराबाद पोलीस संघाला १९५० पासून सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक मिळवून देणारे.

प्रारंभ दृष्ट लागण्याजोगा झाला. नेव्हिल डिसोझा यांच्या तीन गोलांच्या बळावर भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमविले. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल भारताचाच. परंतु त्यानंतर चार गोल अंगावर आले. पुढे बल्गेरियाने ३-० अशी मात केली आणि कांस्यपदकही हुकले.

शिक्षकाची खरी परीक्षा विद्यार्थी हरल्यावरच होते. १९६२ साली जाकार्तात रहीम यांचा संघ पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी हरला. मात्र अंतिम सामन्यात त्याच कोरियाला २-१ असे हरवून त्याने आशियाई सुवर्णपदक जिंकले. १९६३ साली रहीम निवर्तले. फुटबॉलमधील ते सुवर्णपदक भारताच्या हाती पुन्हा आलेले नाही.