पांढऱ्या सोन्याची झुंबड : वऱ्हाडचा कापूस आणि एक दूरचे युद्ध

१/ सोन्याच्या शोधात १८४९ साली माणसांचे लोंढे कॅलिफोर्नियात लोटले. पुढे अवघ्या बारा वर्षांनी तशीच झुंबड वऱ्हाडात उडाली. येथले सोने मात्र खाणीत नव्हते; ते काळ्या मातीत, बोंडांतून फुटत होते.

२/ वऱ्हाड हा सरहद्दीचा मुलूख. १८५३ च्या तहाने निजामाने तो कंपनीच्या हवाली केला. शेजारचा जालना, अंबड, वडीगोद्रीचा पट्टा निजामाकडेच राहिला. काळी माती दोन्हीकडे सारखीच. राज्य तेवढे वेगळे.

३/ एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस तेथूनच येई. गिरण्या थंडावल्या, मँचेस्टरची नजर मुंबईकडे वळली आणि कापसाचे दर तिपटीच्याही पुढे गेले.

४/ वऱ्हाडात ज्वारीच्या रानांत कापूस शिरला. खामगाव, अमरावतीच्या बाजारांत अडते, दलाल, सावकार यांची गर्दी झाली. शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा सर्वत्र पसरल्या. मुंबईत त्याच पैशावर शेअरबाजाराचे वेड माजले. प्रेमचंद रायचंद हे त्याचे सर्वांत मोठे नाव.

५/ १८६५ मध्ये युद्ध संपले. दर कोसळले, मुंबईतल्या कंपन्या व बँका बुडाल्या. कापूस मात्र वऱ्हाडातून हटला नाही.

६/ कारण आता रेल्वे येत होती. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोहोचला. १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला. पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवरून माल वाहणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांचा धंदा बसला. १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर ‘गुन्हेगार’ हा शिक्का मारण्याची वाट मोकळी झाली.

७/ शेतकऱ्याचेही दैव पालटले. रयतवारी पाहणीने जमिनीवर हक्क मिळाला. पण विकता येणारी जमीन गहाणही पडते. नगदी पीक उभे करण्यास कर्ज हवे, आणि कर्जाला तारण जमीनच. १८९९-१९०० च्या दुष्काळात पाऊस फिरला, तेव्हा अनेक घरांत ना धान्य होते, ना पैसा.

८/ त्याच सुमारास निजामाची रेल्वे जालन्यात आली आणि ‘पांढरे सोने’ गोदाकाठच्या काळ्या रानांतही बाजारासाठी पिकू लागले. वडीगोद्रीच्या शिवारात आजही कापूस वेचला जातो. त्याचा भाव तेव्हा लिव्हरपूलमध्ये ठरे. आजही तो गावच्या वेशीबाहेरच ठरतो.