नाचियार्कोविलचे ओतारी आणि व्यवसायसंघाचे मोल

कुंभकोणमहून तिरुवारूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, साधारण १० किलोमीटरांवर, नाचियार्कोविल् नावाचे जे गाव लागते, ते वैष्णवांना तिरुनरैयूर या नावाने, १०८ दिव्यदेशांपैकी एक क्षेत्र म्हणून परिचित आहे. परंतु दक्षिणेतील गृहिणींना आणि देवस्थानांच्या कारभाऱ्यांना त्याची ओळख आहे ती मुख्यतः तेथे ओतल्या जाणाऱ्या पितळी समयांमुळे. कोच्चेंगट् चोळ राजाच्या नावाशी परंपरेने जोडलेल्या येथील देवालयात देवीला देवाहून अग्रपूजेचा मान आहे, आणि गावाचे नावही तिच्यावरूनच पडले आहे. मार्गळी आणि पंगुनी या तमिळ महिन्यांत येथील पाषाणाचा गरुड उत्सवासाठी बाहेर निघतो, तेव्हा गाभाऱ्याजवळ त्याला चार खांदेकरी पुरतात, पुढे आठ, मग सोळा, बत्तीस आणि महाद्वाराशी चौसष्ट लागतात, असे भाविक सांगतात. आणि देवी हंसावर बसून पुढे चाललेली असल्यामुळे तिच्या मागे राहण्यासाठी गरुड आपला भार वाढवितो, अशी त्याची उपपत्तीही ते देतात. हाच हंस, तमिळमधील अन्नम्, येथल्या समईच्या माथ्यावर विराजमान झालेला दिसतो.

मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी तंजावरची गादी घेतल्यापासून १८५५ साली दुसऱ्या शिवाजीच्या निधनाने तिचा शेवट होईपर्यंत पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ कावेरीच्या या खोऱ्यात मोडी दफ्तर चालले. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी गाजविणारे सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. तंजावरच्या या राजघराण्याची दीपभक्ती पाहायची असेल तर नाचियार्कोविलपासून फार दूर नसलेल्या तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामी मंदिराची वाट धरावी. तेथे हाती पणती धरून उभ्या असलेल्या स्त्रीच्या आकृतीचा एक दीप आहे. प्रतापसिंह पती म्हणून लाभावा यासाठी अम्मुणूबाई नावाच्या राजकुलातील स्त्रीने लक्षदीपांचा नवस बोलून १८५३ साली तो अर्पण केला, असे त्यावरील लेख सांगतो. हा दीप कोणत्या ओताऱ्याच्या हातचा, याविषयी लेख मौन पाळतो. देणाराचे नाव धातूवर कोरले जावे आणि घडविणाराचे गळून पडावे, ही गोष्ट आपल्या देशात इतक्या सर्रास घडली आहे की तिची खंत वाटेनाशी व्हावी. मला ती अजूनही वाटते, आणि प्रस्तुत लेखाचा हेतू त्या खंतीतूनच निघालेला आहे.

नाचियार्कोविलची समई चार भागांत घडते. खाली बैठक, मध्ये खांब, त्यावर तेलाची वाटी आणि शिरोभागी प्रभै नावाचा माथा. हे चारही भाग आटे पाडून एकमेकांत फिरवून बसविलेले असल्यामुळे पुरुषभर उंचीची समईही सुटी करून घासता येते. साच्याला लागते ती कावेरीच्या फाट्यांनी आणून टाकलेली, वण्डल नावाची फिकट तपकिरी गाळमाती. ती चाळून, ओलावा बेताचा राखून, लाकडी चौकटीत ठासून भरतात. नमुन्याचा अर्धा भाग खालच्या चौकटीत आणि अर्धा वरच्या चौकटीत उमटवून नमुना अलगद उचलून घेतला, की दोन्ही चौकटी जुळविल्यावर मध्ये समईच्या आकाराची पोकळी राहते, आणि तीत मुशीतले वितळलेले पितळ एका अखंड धारेने ओतावे लागते. धार मध्येच खंडली तर धातू नीट सांधत नाही. माती ओली राहिली तर कोंडलेल्या वाफेने अंगाला भोके पडतात. आणि पितळ प्रमाणाबाहेर तापले तर त्यातील जस्त पांढऱ्या धुराच्या रूपाने उडून जाते. ही सर्व परीक्षा ओतारी केवळ ज्वाळेच्या रंगावरून आणि मातीच्या मुठीवरून करतो. निवालेला साचा फोडून माती पुन्हा चाळणीखाली जाते, आणि ओतीव भाग कानसेकडून चरकाकडे व चरकाकडून छिन्नीकडे प्रवास करतो. वीज येण्यापूर्वी चरक फिरविण्यास एक निराळा माणूस लागे. म्हणजे एका समईला साचेकरी, ओतारी, चरककरी, नक्षीकार आणि जिलईवाला अशा पाच-सहा जोड्या हातांचा स्पर्श होतो.

हे काम करणारे पत्तर हे कम्माळर समाजातील. लोहार, सुतार, कासार-ओतारी, सोनार आणि पाथरवट हे पाच व्यवसाय तमिळ देशात या एका छत्राखाली मोजले जातात, आणि विश्वकर्म्याला ते आपला मूळपुरुष मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आपली काही घराणी नागरकोइलकडून येथे आली व या मातीचा गुण ओळखून येथेच स्थिरावली, अशी आठवण त्यांच्यात सांगितली जाते. पाच व्यवसायांनी एकत्र राहण्याचे फळ काय, याचा एक पुरावा कोंगुदेशातील शिलालेखांत आहे. कोनेरिन्मैकोण्डान असे बिरुद धारण करणाऱ्या राजाने वेंगालनाडूच्या कम्माळरांना आज्ञापत्र दिले की, विवाहात आणि अंत्ययात्रेत त्यांनी दोन शंख फुंकावेत व वाद्ये वाजवावीत, घराबाहेर पडताना पायांत वहाणा घालाव्यात आणि आपल्या घरांच्या भिंतींना गिलावा करावा. वहाणा आणि गिलावा हेसुद्धा ज्या समाजाला राजाज्ञेने मिळवावे लागले, त्याने ते एकेकट्या कारागिराच्या अर्जाने मिळविले असते काय? अशी सनद गावोगावच्या एकट्यादुकट्याला मिळत नसते. ती सर्वांच्या नावे मागावी लागते आणि सर्वांच्या नावे जपावी लागते.

आपल्या महाराष्ट्रालाही याची साक्ष फार जुनी आहे. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखाप्रमाणे क्षत्रपाचा जावई असलेल्या उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ या व्याजाने आणि दुसरीकडे १,००० कार्षापण शेकडा पाऊण या व्याजाने कायम ठेवले, आणि त्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची व इतर खर्चाची सोय केली. जुन्नरच्या लेण्यांत तर बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीबरोबरच कांसकारांच्या, म्हणजे कासे ओतणाऱ्यांच्या, श्रेणीकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. क्षत्रपाच्या जावयाने आपले पुण्य शतकानुशतके टिकावे म्हणून ज्या संस्थेवर भरवसा ठेवला, ती विणकऱ्यांची संस्था होती, याचा अर्थ तिची पत राजसत्तेच्या बरोबरीची, कदाचित तिच्याहून चिवट, मानली जात असली पाहिजे.

ही पत मागाहून क्षीण झाली. कंपनी सरकारने मद्रास इलाख्यात मोहतर्फा हा कारागिरांवरील कर चालू ठेवला. कारखान्यात बनलेली परदेशी भांडी बाजारात उतरली. आणि भांडवलाअभावी ओतारी सावकाराकडून धातू उचलून वजनावर मजुरी घेणारा मजूर होत गेला. समई आजही वजनावर विकली जाते. या व्यवहाराचा जाच असा की, तीन तास जास्त खपून नक्षी बारीक केली तर तिचे वजन वाढत नाही, उलट छिन्नीने ते किंचित घटतेच. जातीची पंचायत लग्नव्यवहाराचा निवाडा करू शकत होती; पितळेचा भाव, उसनवारी आणि गिऱ्हाईक यांच्यापुढे ती हतबल होती. शिवाय तिचे सभासदत्व जन्माने मिळे, आणि बाहेरच्या होतकरू मुलाला तिचे दार बंद असे. हा तिचा दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तिची जागा घेऊ शकेल अशी स्वेच्छेची संस्था कायद्याने आली. फ्रेडरिक निकल्सन यांचा मद्रास सरकारास सादर झालेला अहवाल, त्यानंतरचा १९०४ चा केवळ पतसंस्थांपुरता कायदा, आणि उत्पादकांच्या सोसायट्यांनाही वाव देणारा १९१२ चा कायदा, या क्रमाने कारागिरांना एकत्र येऊन कच्चा माल घेण्याची व तयार माल विकण्याची कायदेशीर वाट मोकळी झाली. नाचियार्कोविलातही पितळकाम करणाऱ्यांची सहकारी संस्था झाली. १९७३ साली स्थापन झालेल्या, पूंपुहार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी हस्तकला महामंडळाने तेथे आपले उत्पादनकेंद्रही ठेवले.

व्यवसायसंघाची ही गरज कमी शिकलेल्या कारागिरालाच असते, असा समज असल्यास तो सोडून द्यावा. वेडेवाकडे दात तारेने सरळ करणाऱ्या दंतवैद्यांनी, ज्यांना ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात, १९०० साली अमेरिकेत सेंट लुइस येथे एडवर्ड अँगल यांच्या पुढाकाराने आपली पहिली संस्था काढली. आणि आपल्याकडे १९६५ साली मुंबईत इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटीची स्थापना झाली. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्याचे नाव सरकारी नोंदवहीत चढत होतेच. पण नोंदवही ही परवाना देते. एखाद्या मुलाचा जबडा अपेक्षेप्रमाणे का वाढला नाही, हे समव्यवसायिकांपुढे मांडण्याची जागा ती देत नाही. ज्ञान पदवीपाशी थांबू नये, आपल्या कामाची पारख आपल्याच बरोबरीच्या डोळ्यांनी व्हावी, आणि धंद्याच्या नावाला कोणी बट्टा लावील तर त्याला विचारणारे कोणी असावे, यासाठीच दवाखान्यातल्या माणसालाही संघ लागतो. भट्टीपुढच्या माणसाची निकड तर याहून अधिक आहे.

या दृष्टीने २०१० साली 'नाचियार्कोइल कुत्तुविळक्कु', म्हणजे नाचियार्कोविलची समई, या नावाला मिळालेली भौगोलिक उपदर्शनाची नोंद मी फार मोलाची समजतो. १९९९ च्या ज्या कायद्याखाली चेन्नईच्या निबंधक कार्यालयात ही नोंद होते, तो कायदा विचारपूर्वक वाचण्यासारखा आहे. असे नाव कोणाही एकट्या व्यक्तीला मागता येत नाही; उत्पादकांच्या संघाने, किंवा त्यांच्या हिताचे प्रतिनिधित्व करणाऱ्या कायदेशीर संस्थेनेच तो अर्ज करावयाचा असतो. नोंद झाल्यावर ते नाव विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, कोणाच्या नावे करूनही देता येत नाही. दहा वर्षांची मुदत संपली की तिचे नूतनीकरण करावे लागते. आणि प्रत्यक्ष ओताऱ्याला त्या नावाचा लाभ हवा असेल तर त्याने स्वतंत्र अर्ज करून अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव दाखल करून घ्यावे लागते. जुन्नरच्या कांसकार श्रेणीला जी गोष्ट रूढीने लाभली होती, ती सतरा-अठरा शतकांनंतर विधिमंडळाने अशा रीतीने कलमांत बांधून दिली आहे: कौशल्य ज्याचे त्याचे, नाव सर्वांचे.

पण कलम आपोआप राखण करीत नाही. दुसऱ्या गावी यंत्रावर ओतलेली हलकी समई याच नावाने विकली जात असेल, तर दुकानदाराला जाब विचारण्यासाठी एका ओताऱ्याला भट्टी बंद ठेवून चेन्नईची वारी परवडत नाही. वर्गणी गोळा करणारा, वकील देणारा, अधिकृत वापरकर्त्यांची यादी ताजी ठेवणारा आणि मुदतीच्या आत नूतनीकरणाचे शुल्क भरणारा संघच ते करू शकतो. ज्या गावात असा संघ जागा राहील, तेथे नोंदीचा अर्थ भट्टीपर्यंत पोहोचेल. जेथे तो झोपेल, तेथे प्रमाणपत्र कपाटात राहील. नाचियार्कोविलच्या तरुण ओताऱ्यांनी, आणि पितळ-तांब्याचे काम करणाऱ्या आपल्याकडील कासार-तांबटांनीही, संघाची वर्गणी हा खर्च न मानता धातूच्या खरेदीइतकाच धंद्याचा भाग मानावा, असे माझे निश्चित मत आहे.

कुंभकोणमच्या यात्रेला जाणाऱ्या मराठी वाचकाने एवढे करावे. समई विकत घेताना तिचे वजन विचारण्याआधी ती कोणत्या भट्टीत ओतली, आणि ओतणाऱ्याचे नाव अधिकृत वापरकर्त्यांच्या नोंदीत आहे काय, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. उत्तर समाधानकारक मिळाले तर सांगितलेली किंमत घासाघीस न करता द्यावी.