अकोले तालुक्यातील डोंगरवाटा : काल आणि आज



नगर जिल्ह्याचे नाव काढले की परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे उघडे माळ, आटलेल्या विहिरी आणि उसाचे मळे उभे राहतात. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण ही प्रतिमा काही बदलली नाही. आणि खरे सांगायचे तर ती केवळ परक्यांचीच आहे असेही नाही. जामखेड-कर्जतकडच्या आपल्याच माणसाला सांगून पाहा की, बाबा रे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर आपल्या जिल्ह्यात आहे आणि तुझ्याकडे पाच-सात वर्षांत मिळून जेवढा पाऊस पडतो तेवढा घाटघरला एका पावसाळ्यात पडतो, तर तो तुमच्याकडे अविश्वासाने पाहील. अकोले तालुका हा आपल्या जिल्ह्याचा असा पाठीकडचा दरवाजा आहे. आपण सारे पुढच्या अंगणात वावरतो. मागच्या दाराकडे सहसा जात नाही.

त्या मागच्या दाराच्या वाटांविषयी आज चार शब्द बोलावयाचे योजिले आहे. राजांचा इतिहास असतो, गडांचा असतो, देवळांचा असतो. वाटेला मात्र इतिहास असतो असे कोणी मानीत नाही, कारण वाट पाडणाऱ्याने तिच्यावर आपले नाव कोरलेले नसते. परंतु हरिश्चंद्रगडावर, रतनगडावर किंवा कळसूबाईवर आपण ज्या वाटेने चढतो ती कोणी, कशासाठी पाडली हे समजून घेतल्यावाचून आज तिचे काय होत आहे हेही समजणार नाही.

प्रथम भूगोल पाहू. सह्याद्री देशाकडून चढत जातो आणि कोकणाच्या बाजूला एकदम तुटतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हे त्याचे ठळक उदाहरण. उभा तर तो आहेच, शिवाय मध्ये आत वळलेला आहे. अशा कड्यावरून माणूस उतरणार कोठून? जेथे पावसाच्या पाण्याने खडक कापून नाळ पाडली असेल तेथून. म्हणून या घाटवाटांचा पहिला शिल्पकार पाणी होय. साम्रदजवळून उतरणारा करोली घाट, पाचनईकडून बेलपाड्याला जाणारा साधले घाट, घाटघरच्या अंगाने उतरणाऱ्या वाटा, या सगळ्या देश आणि कोकण यांना जोडणाऱ्या. दक्षिणेला जुन्नरजवळ सातवाहनांच्या काळापासून नाणेघाट वाहता होता. त्याला राजमान्यता होती, लेणे होते, शिलालेख होता, जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण होता. आपल्या अकोल्याच्या वाटा म्हणजे त्या श्रीमंत घाटाच्या गरीब बहिणी. त्यांच्यावरून राजांच्या पालख्या क्वचितच गेल्या असतील. गेले ते भात, नागली, हिरडा आणि खुरासणी. वर आले ते मीठ आणि सुकी मासळी. खालच्या गावात दिलेल्या लेकी सणाला माहेरी आल्या, त्या याच वाटांनी.

डोक्यावर ओझे असलेला माणूस कसा चालतो हे ज्याने पाहिले आहे त्याला या वाटांची आखणी लगेच उमगते. तो सरळ चढत नाही. उतारावर तिरपा चालतो, मग वळतो, पुन्हा तिरपा चालतो. दम लागेल तेथे झाड असते, तहान लागेल तेथे टाके किंवा झरा असतो आणि खिंडीत शेंदराचा देव असतो. तिरप्या वाटेमुळे आणखी एक गोष्ट साधते : पावसाचे पाणी वाटेवरून धावत नाही, वाट ओलांडून जाते. इतक्या पावसातही ज्या वाटा शतकानुशतके टिकल्या त्यांचे रहस्य यात आहे. हे शास्त्र कोणत्या शाळेत शिकविले गेले नाही. ते महादेव कोळी आणि ठाकर यांच्या पायांना ठाऊक होते.

या ज्ञानाची किंमत एकदा खुद्द शिवछत्रपतींना मोजून घेता आली. १६७९ च्या अखेरीस जालन्याची लूट घेऊन महाराज परतत असता संगमनेरच्या बाजूला मोगली फौजेने त्यांना गाठले. सिधोजी निंबाळकर लढाईत पडले. पुढे मोठी फौज आडवी येणार अशी चिन्हे होती. तेव्हा बहिर्जी नाईकांनी रात्रंदिवस चालवून आडवाटेने सैन्य पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचविले, असे सभासदाच्या बखरीत आले आहे. तेथे महाराजांना विश्रांती मिळाली, म्हणून पट्ट्याचे नाव विश्रामगड. हा किल्ला आपल्या अकोले तालुक्याच्या उत्तर शिवेवर आहे. त्या प्रसंगी तलवारीने जे झाले नाही ते वाटेच्या माहितीने झाले.

इंग्रजांनी हा धडा पक्का ओळखला होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर त्यांनी सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांचे नुसते बुरूज पाडले नाहीत. चढण्याच्या पायऱ्या सुरुंग लावून उडविल्या. नाशिक-नगरच्या सीमेवरील अलंग आणि मदन येथे तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी आजही दोराची मदत घ्यावी लागते. गडाला वाट नसेल तर तेथे बंड राहणार नाही, हे त्यामागचे गणित. परंतु गडाची वाट तोडता आली तरी रानाची वाट कशी तोडणार? देवगावच्या राघोजी भांगऱ्याने १८४४ पासून पुढे काही वर्षे सावकार आणि सरकार दोघांनाही सळो की पळो केले, ते या वाटांच्या जोरावर. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तो अखेर सापडला तो डोंगरात नव्हे, पंढरपुरात. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आले.

याच सुमारास डोंगरावर एक निराळ्या जातीचा पाहुणा येऊ लागला होता. त्याच्या डोक्यावर ओझे नव्हते की हातात तलवार नव्हती. तो केवळ पाहण्यासाठी येत असे. कर्नल साईक्स हा त्यांतला एक. दख्खनच्या हवामानाचा अभ्यास करताना हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर त्याला खालच्या धुक्यात पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मध्यभागी स्वतःची छाया दिसली. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८३५ मध्ये त्याचा लेख छापला गेला. आपण ज्याला इंद्रवज्र म्हणतो ते हेच. आज शनिवारी रात्री पाठपिशवी घेऊन कोकणकड्याकडे निघणारा तरुण हा एका अर्थी साईक्सचा वारस आहे.

वाटांवर खरा घाव मात्र सुरुंगाने घातला नाही. तो आगगाडीने घातला. बोरघाटातून १८६३ मध्ये आणि थळघाटातून १८६५ मध्ये लोहमार्ग सुरू झाला आणि घाटावरचा माल त्या दोन तोंडांकडे वळला. मधल्या वाटा स्थानिकांपुरत्या उरल्या. मग १८७८ चा जंगल कायदा आला. ज्या रानातून आजा-पणजा चालत आला त्या रानात नातवाला परवानगी विचारण्याची पाळी आली. पुढे १९१० ते १९२६ या काळात भंडारदऱ्याला प्रवरेवर धरण झाले. त्या पाण्याने खालचा मुलूख हिरवा केला, हे उपकार आपण विसरता कामा नये. पण वरच्या खोऱ्याच्या तळाची जमीन बुडाली आणि तिच्यावरच्या वाटाही बुडाल्या. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले. शेकरूला आणि बिबट्याला आसरा मिळाला, आणि गावकऱ्यांच्या वहिवाटीवर आणखी एक नियम बसला.

एवढे होऊनही वाटा जिवंत राहिल्या, कारण त्यांच्यावरून माणसे चालत राहिली. नवरात्रात बारी गावातून कळसूबाईला जाणारी बायामाणसांची रांग पाहावी. अवघड जागी आता लोखंडी शिड्या आहेत, पण चढण तीच आणि नवसही तेच. देवीची कथा अशी सांगतात की, कळसू नावाच्या मुलीने चाकरीला राहताना भांडी घासणे आणि केर काढणे ही कामे सांगणार नाही असे कबूल करून घेतले होते. तो शब्द मोडला तेव्हा ती डोंगरावर निघून गेली ती परत आली नाही. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत उंच वाटेचा आरंभ एका मोलकरणीच्या स्वाभिमानात आहे!

आता आजच्या काळाकडे येतो. गेल्या काही वर्षांत या डोंगरांत येणाऱ्यांची गर्दी फार वाढली. त्यात वाईट काही नाही. पाचनईच्या, रतनवाडीच्या, साम्रदच्या घरांत चार पैसे येतात. वाटाड्या म्हणून जाणाऱ्या पोराला मुंबई-नाशिकची मजुरी टाळता येते. परंतु पायांच्या मागोमाग चाके आली. रस्ता सोडून रानात, पठारावर, ओढ्यातून मोटारसायकल किंवा चारचाकी घालणे हा एक खेळ झाला आहे. मे महिन्याच्या शेवटी काजवे चमकू लागले की भंडारदऱ्याच्या परिसरात मोटारींची रीघ लागते. काजव्याचा प्रकाश ही नर-मादीची परस्परांना घातलेली साद असते. मोटारीच्या दिव्यांत ती बुडून जाते आणि पुढच्या पिढीच्या जन्मालाच अडथळा येतो. काजवे पाहायला यावे आणि दिवे लावून ते विझवावे, असा हा प्रकार आहे.

चाक आणि पाऊल यांत फरक काय, असे कोणी विचारील. फरक आखणीचा आहे. पायवाट तिरपी चढते. यंत्राच्या जोरावर चाक सरळ चढते. सरळ चढलेल्या चाकाची चाकोरी उताराच्या दिशेने पडते. पहिल्या पावसात पाणी तिच्यातून धावते, दुसऱ्या पावसात तिची घळ होते आणि घाटघरसारख्या पावसात माती खालच्या भातखाचरात नाही तर धरणात जाते. पठारावर तर कातळावर मातीचा थर बोट-दोन बोटेच असतो. सोनकी आणि तेरडा फुलतो तो त्या थरावर. तेथे एकदा उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षे बुजत नाही.

येथपर्यंत माझे म्हणणे आपल्याला पटले असेल. पण व्याख्यान येथेच संपविले तर ते अर्धसत्य होईल. आपण शहरगावचे लोक म्हणतो, वाट जशी आहे तशी राहू द्या, रस्ता नको. हे म्हणणे आपल्याला सोपे आहे, कारण आपण रविवारी संध्याकाळी घरी परततो. ज्या वाडीत बाळंतिणीला पावसात झोळी करून खांद्यावरून न्यावे लागते त्या वाडीला रस्ता नको असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? वाटेचे सौंदर्य आपण पाहावे आणि तिचा जाच त्यांनी सोसावा, ही वाटणी न्यायाची नव्हे.

माझ्या मते याचा उलगडा एका साध्या रेषेत आहे : गावापर्यंत रस्ता, गावापुढे वाट. कायद्यातही हा विवेक आहे. २००६ च्या वनाधिकार कायद्याने ग्रामसभेच्या शिफारशीवरून रस्ता, शाळा, दवाखाना यांसारख्या कामांना एक हेक्टरच्या आत वनजमीन देण्याची सोय केली आहे. मात्र हेक्टरी पंचाहत्तरहून अधिक झाडे तोडता येत नाहीत. उलट १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यात बाहेरच्याला परवानगीवाचून फिरता येत नाही. म्हणजे राहणाऱ्याची गरज आणि पाहुण्याची हौस यांत कायद्याने भेद केला आहे. आपण मात्र तो उलटा करतो : गावाचा रस्ता वर्षानुवर्षे रखडतो आणि पाहुण्याची मोटार विनाअडथळा पठारावर पोहोचते.

गावाला रस्ता मिळाला की जुनी वाट मरेल, अशी भीती काहींना वाटते. ती सर्वस्वी खोटी नाही. मीठ-मासळीसाठी आता कोणी करोली घाट चढत नाही. ती वाट आज काट्यात बुजलेली नसेल, तर त्याचे श्रेय हौसेने चालणाऱ्यांना आणि त्यांना नेणाऱ्या गावकऱ्यांना आहे. म्हणून माझी आपल्याला विनंती अशी : अकोल्याच्या डोंगरांत अवश्य जा. मुलांना घेऊन जा. शेवटच्या वाडीत गाडी ठेवा. तेथल्याच माणसाला वाटाड्या म्हणून घ्या, त्याची मजुरी घासाघीस न करता द्या, त्याच्या घरी भाकरी खा. चालताना या वळणाचे नाव काय, या झऱ्याला काय म्हणतात, हे त्याला विचारा आणि लिहून ठेवा. या वाटांची नावे अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. ती माणसे थकत चालली आहेत. गडांची नावे नकाशावर राहतील. पण जेथे ओझे उतरून माणूस दम खात असे त्या दगडाचे नाव विचारणारा कोणी गेला नाही, तर ते त्या माणसांबरोबर जाईल.